काळी माती, मुरूम आणि कातळ : सोलापुरात रस्ता न फोडता ड्रेनेज लाइन टाकताना

केबलसाठी रस्त्याखाली आडवं भोक पाडणारं एचडीडी (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग) मशीन सहज भाड्याने मिळतं, म्हणून ड्रेनेजची लाइनही त्यानेच ओढून घ्यायची, हा मोह आधी सोडा. केबल जमिनीखाली थोडी वर-खाली झाली तरी तिचं काही बिघडत नाही. मैलापाणी मात्र फक्त ढाळाने वाहतं.

हिशेब करून बघा. २०० मिमीची लाइन १:२०० ढाळाने टाकायची आहे, म्हणजे मीटरला ५ मिमी. दोन चेंबरमधलं अंतर ३० मीटर धरलं तर एकूण उतार १५० मिमी. एचडीडीचं डोकं कुठे आहे हे रस्त्यावरून लोकेटर धरून पाहतात आणि खोलीच्या आकड्यात साधारण ५ टक्के फरक पडू शकतो. लाइन ३ मीटर खोल असेल तर हा फरकही १५० मिमी. म्हणजे सगळा उतार मोजण्याच्या चुकीतच संपला. अशा लाइनला मध्ये कुठेतरी ‘पोट’ पडतं. तिथे पाणी साचतं, गाळ आणि तेलकट थर बसतो, वास येतो, आणि चेंबर तुंबल्याची तक्रार दर महिन्याला येत राहते. पोट पडलेली लाइन जेटिंगने, म्हणजे दाबाच्या पाण्याने धुऊन, दुरुस्त होत नाही. ती पुन्हा टाकावी लागते, तीही नव्या डांबराखालून.

म्हणून पद्धत ठरवताना दोनच प्रश्न आधी विचारा : ढाळ किती हवा, आणि लाइनच्या खोलीवर नेमकं काय लागणार आहे? मशीन कोणतं मिळतं हा प्रश्न त्यानंतरचा.

जमीन आधी उघडून बघा

सोलापूर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेलं आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कातळ. पण कोणता थर किती जाड हे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बदलतं. नाल्याच्या किंवा जुन्या ओढ्याच्या बाजूला काळी माती खोल जाते, उंचवट्यावर हातभर मातीखाली मुरूम लागतो. जुन्या पेठांत तर वरचा मीटर-दीड मीटर हा भरावच निघतो : विटांचे तुकडे, राख, जुनी बांधकामं.

दोन्ही पिटच्या (लाइनच्या दोन टोकांना कामासाठी घ्यायच्या खड्ड्यांच्या) जागी आणि मध्ये किमान एका ठिकाणी ट्रायल बोअर, म्हणजे चाचणीचं भोक, घ्या. लांबी ४० मीटरच्या पुढे असेल तर दर १० ते १५ मीटरला एक. बोअर लाइनच्या तळाखाली किमान १ मीटर गेलं पाहिजे, कारण खरा घात लाइनच्या तळालगतच होतो. पाइपाचा खालचा अर्धा भाग कातळात आणि वरचा मऊ मुरुमात आला, तर डोकं मऊ बाजूला, म्हणजे वर चढत जातं, आणि ते खाली आणायला पुष्कळ मीटर लागतात. असा मिश्र थर दिसला तर लाइन अर्धा मीटर वर किंवा खाली घेता येते का हे डिझाइनमध्येच तपासा. कागदावर लेव्हल बदलायला खर्च येत नाही.

मुरुमातली आणखी एक गोष्ट म्हणजे गोटे. बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा झिजत जातो आणि मऊ मुरुमात मधोमध टणक दगडी गाभा शिल्लक राहतो. बोअरमध्ये १ मीटर कातळ लागून खाली पुन्हा मुरूम आला, तर तो कातळ नसून गोटा आहे असं समजा. माणूस आत जाऊन फोडू शकेल अशा मोठ्या पाइपात गोट्याने फक्त वेळ जातो. २०० मिमीच्या बोअरमध्ये त्याच गोट्याने काम थांबतं.

काळ्या मातीचं वागणं ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिल-मेमध्ये तिला खोल भेगा पडतात, आणि भोकात सोडलेला बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या मातीच्या पुडीचा) चिखल या भेगांतून वर येऊन रस्त्यावर किंवा कुणाच्या अंगणात निघतो. पावसात तीच माती फुगून पाइपाला आवळते. सोलापूरचा मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो, त्यामुळे ‘ऑगस्ट कोरडा गेला, आता पिट उघडू’ हा हिशेब चुकतो. सगळ्यात सोयीचा काळ नोव्हेंबर ते मार्च. त्यातही जुन्या गावात काम असेल तर जानेवारीचा पहिला पंधरवडा सोडा. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, त्या मार्गावर उघडा पिट चालणार नाही. पिट आधीच घेतला असेल तर तो भरून, वर खडी दाबून द्यावा लागेल.

जमिनीखालच्या इतर लाइनींसाठी महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, महावितरण आणि टेलिकॉम कंपन्यांकडून नकाशे मागवा. केंद्र सरकारच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवरही (मार्च २०२३ पासून सुरू) नोंद करा. मात्र जीपीआर यंत्राच्या (जमिनीत तरंग सोडून आतलं दाखवणाऱ्या रडारच्या) भरवशावर राहू नका : ओल्या काळ्या मातीत त्याचे तरंग लवकर विरतात आणि मीटरभराच्या खाली काही दिसेलच असं नाही. जिथे लाइन ओलांडायची आहे, तिथे हाताने खड्डा घेऊन ती डोळ्यांनी पाहा.

कोणतं काम कशाने

रेल्वेखालून किंवा मोठ्या रस्त्याखालून जायचं आणि ढाळ अचूक हवा : पाइप पुशिंग (जॅकने पाइप ढकलणं), किंवा मोठ्या कामात मायक्रोटनेलिंग (तेच, पण पुढे दूरनियंत्रित खोदणारं मशीन). पंपिंग स्टेशनपासूनची दाबाची लाइन : एचडीडी. पेठेतली जुनी फुटकी लाइन त्याच जागी बदलायची : पाइप बर्स्टिंग (जुना पाइप फोडत नवा ओढणं). २०० ते ६०० मिमीची ढाळाची लाइन सलग मुरुमात किंवा मातीत असेल, तर थिओडोलाइटने (कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने) पाहून आधी बारीक पायलट ट्यूब ढकलणारी आणि मग ऑगर (माती बाहेर काढणारा मळसूत्री गिरमिट) फिरवणारी पद्धत फार चांगली, पण कातळात ती चालत नाही.

आणि जुळे सोलापूरसारख्या भागात रुंद, कच्चा रस्ता असेल, लाइन दीड मीटरपेक्षा उथळ असेल, तर सरळ चर खोदा. तिथे रस्ता न फोडण्यासाठी पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

पाइप पुशिंग

पुणे–वाडी रेल्वेमार्ग शहरातून जातो, त्यामुळे ड्रेनेज रुळांखालून नेण्याचं काम इथे येतंच. परवानगीसाठी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागीय कार्यालयात ड्रॉइंग द्यावं लागतं. रुळाखाली किती खोल जायचं आणि काम चालू असताना गाडीचा वेग किती ठेवायचा, हे रेल्वे ठरवते. मंजुरी हातात येईपर्यंत पिट उघडू नका.

आत माणूस जाऊन खोदणार असेल तर आतला व्यास १२०० मिमीपेक्षा कमी नको. ९०० मध्ये माणूस शिरतो, पण वाकून ब्रेकर चालवत तासन्‌तास काम करू शकत नाही, आणि काही झालं तर त्याला बाहेर ओढणं अवघड जातं. पाइप काँक्रीटचा, आयएस ४५८ या भारतीय मानकानुसार, पुशिंगसाठी बनवलेला घ्या. साधा कॉलरचा पाइप ढकलला की कॉलर मातीत अडकते. किती टन दाब सोसेल हे कारखान्याकडून लेखी घ्या.

जोर किती लागेल हे असं काढा. १२०० मिमी आतला व्यास, बाहेरचा समजा १४४० मिमी. परीघ ४.५२ मीटर. ३० मीटर लांबीला पृष्ठभाग सुमारे १३६ चौरस मीटर. कोरडं घर्षण चौरस मीटरला १० किलोन्यूटन धरलं तर १,३६० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १३८ टन. पाइपाभोवती बेंटोनाइट सोडून घर्षण ५ वर आणलं तर ६९ टन. दोन्हींत तोंडावरचा विरोध वेगळा धरा. अशा कामाला १५० टनांचे दोन जॅक ठेवा. पूर्ण क्षमतेवर जॅक चालवायची वेळ आली, म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं आहे.

हा सगळा जोर मागच्या थ्रस्ट वॉलमार्फत (जॅक ज्या भिंतीला टेकतात तिच्यामार्फत) मातीवर येतो. मागची माती चौरस मीटरला २० टन सोसेल असं डिझाइनरने सांगितलं, तर १४० टनांना ७ चौरस मीटर लागतात : ३ मीटर रुंद, अडीच मीटर उंच भिंत. काळ्या मातीत परवानगीचा आकडा बराच कमी येतो आणि भिंत त्या प्रमाणात वाढते. भिंत आरसीसीचीच करा, ७ दिवस पाणी मारा, आणि ती पाइपाच्या रेषेला काटकोनात आहे का ते तपासा. भिंत किंचित तिरकी असली तरी पहिला पाइप तिरका जातो.

अडीच मीटर लांबीच्या पाइपाला पिट ६ ते ७ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद लागतो. तळाला १५० ते २०० मिमी काँक्रीट, त्यात ढाळाप्रमाणे बसवलेले रूळ. रुळांची लेव्हल ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) दोनदा घ्या. पुढच्या सगळ्या लाइनचा ढाळ या रुळांवर ठरतो. कोपऱ्यात पाण्यासाठी सम्प ठेवा. दीड मीटरच्या खाली पिटला शोअरिंग, म्हणजे बाजूंना आधार, हवंच. काळी माती सकाळी ताठ उभी दिसते आणि दुपारी तिचा सोललेला थर अंगावर येतो.

ढकलताना नियम साधे आहेत, पण रोज पाळावे लागतात. शील्डची (पहिल्या पाइपाच्या तोंडावरच्या पोलादी कड्याची) धार मातीत रुतलेली ठेवा. धारेच्या पुढे ३०० मिमीपेक्षा जास्त कधीच खोदू नका. पुढे मोठी पोकळी करून पाइप ‘सैल’ सरकवला की काम जलद होतं, पण वरचा रस्ता किंवा रूळ महिन्याभराने खचतो. प्रत्येक सांध्यात १८ मिमी प्लायवूडचं गोल पॅकिंग घाला, नाहीतर काँक्रीटला काँक्रीट टेकून कडा फुटतात. दर ५०० मिमीला लेव्हल आणि रेषा वाचून वहीत लिहा. पाइप भरकटला तर शील्डमागच्या चार छोट्या जॅकनी मीटरला १० मिमीपेक्षा जास्त दुरुस्ती करू नका. झटक्यात वळवलेला पाइप सांध्यात उघडतो.

लेसर लावला असला तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यावर आंधळा विश्वास नको. पिटमधली तापलेली आणि पाइपातली गार हवा जिथे मिळते तिथे किरण वाकतो. पिटवर सावली करा, पाइपात सतत हवा खेळती ठेवा आणि रोज सकाळी ऑटो लेव्हलने लेसर पडताळा.

काळ्या मातीत पुशिंग रात्री थांबवू नका. ओली माती तासागणिक पाइपाला धरत जाते, आणि सकाळी पहिला स्ट्रोक द्यायला कालच्या दीडपट जोर लागला तर नवल नाही. दोन पाळ्या लावा. थांबणं टळत नसेल तर बेंटोनाइट भरून ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी पाइप थोडा तरी सरकवा.

पुशिंग संपल्यावर पाइपाच्या ग्राउट होलमधून सिमेंट-बेंटोनाइटचा ग्राउट (पातळ रबडी) कमी दाबाने पाइपाबाहेरच्या पोकळीत भरा. जास्त दाब दिला तर रस्ता वर उचलला जातो.

ढकललेला मोठा पाइप हे केसिंग, म्हणजे फक्त बाहेरचं कवच. आता आत खरी लाइन. ३१५ मिमीचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप दर २ मीटरला स्पेसरवर (टेकूच्या कड्यांवर) ठेवून ढाळ स्पेसरच्या उंचीने नेमका साधता येतो. केसिंग ३०–४० मिमी चुकलं असेल तर ती चूकही इथेच भरून निघते. पण मधली पोकळी भरताना एक घात होतो : पाइप तरंगतो. ३१५ मिमीचा पाइप मीटरला ०.०७८ घनमीटर जागा व्यापतो. ग्राउटची घनता १.७ धरली तर उचल मीटरला १३२ किलो. पाइप पाण्याने भरला तरी त्याचं आणि पाण्याचं मिळून वजन ८० किलोच्या आसपास. म्हणजे नुसतं पाणी भरून भागत नाही. स्पेसर वरच्या बाजूने केसिंगला टेकवून अडकवा आणि ग्राउट तीन थरांत, मागचा थर घट्ट झाल्यावरच भरा.

दाबाच्या लाइनसाठी एचडीडी

इथे थोडं वर-खाली चालतं. सगळा खेळ भोकात सोडायच्या बेंटोनाइटच्या चिखलाचा आहे. २२५ मिमीच्या पाइपाला दीडपट, म्हणजे ३४० मिमी रीमर (भोक रुंद करणारं डोकं). भोकाचं आकारमान मीटरला ९१ लिटर, ५० मीटरला साडेचार हजार. चिखल त्याच्या तिप्पट धरा : साधारण १३,५०० लिटर. टँकर आणि गाळ उचलायची गाडी या हिशेबाने आधीच सांगून ठेवा.

बोअरवेलचं पाणी जड असेल तर बेंटोनाइट नीट फुगत नाही. आधी १,००० लिटरला अर्धा ते एक किलो सोडा ॲश टाकून पीएच ८.५ ते ९.५ वर आणा, मग बेंटोनाइट २५ ते ३० किलो, शेवटी पॉलिमर. क्रम उलटा केला तर पिशव्या वाढवूनही चिखल पातळच राहतो. मार्श फनेलमधून (चिखलाचा दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून) साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं. मुरुमात चिखल ४० ते ५० सेकंदांचा ठेवा. काळ्या मातीत बेंटोनाइट कमी आणि पॉलिमर जास्त, कारण चिकट माती रीमरला गोळ्यासारखी चिकटते आणि मग रीमर कापायचं सोडून भोक कोंडतो. परतीचा चिखल थांबला की ओढणं थांबवा. जोर लावून पुढे गेलात तर तो चिखल रस्ता फोडून वर येतो.

पाइप ओढताना मशीनची नव्हे, पाइपाची ताकद बघा. २२५ मिमी, एसडीआर १७ (व्यास आणि भिंतीच्या जाडीचं गुणोत्तर), पीई १०० (प्लास्टिकचा दर्जा) पाइपाची भिंत १३.४ मिमी. चौरस मिमीला १० न्यूटन धरले तर मर्यादा सुमारे ९ टन. उन्हात तापलेल्या पाइपाला त्याहून कमी.

पेठांतली जुनी लाइन : बर्स्टिंग

चिनी मातीचा जुना पाइप आतून फोडायचा, तुकडे बाजूच्या मातीत दाबायचे आणि मागोमाग एचडीपीई ओढून घ्यायचा. अरुंद गल्लीत याहून कमी उपद्रवाची पद्धत नाही. पण जुन्या लाइनला पोट असेल तर नव्यालाही राहणार, कारण नवा पाइप जुन्याच वाटेने जातो. म्हणून आधी कॅमेरा घाला. पोट असेल तर तेवढा तुकडा उघडून लेव्हल दुरुस्त करा, नाहीतर ही पद्धत सोडा. जुन्या पाइपाभोवती काँक्रीटचं वेष्टन निघालं तर डोकं तिथेच अडकतं. तशी शंका असेल तिथे ट्रायल पिट घ्या.

हातोडा मारणारं डोकं पेठेत नको. दगड-मातीच्या भिंतींची, माळवदाची घरं उथळ पायावर उभी आहेत, हादऱ्याने भिंतीला तडा जातो. रॉडने संथ ओढणारं स्टॅटिक मशीनच वापरा. पाण्याची लाइन अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत असेल तर तिथली माती आधी मोकळी करा. प्रत्येक घराची जोडणी ओढण्यापूर्वी उघडून सोडवा. एखादी राहिली तर त्या घराचं पाणी संध्याकाळी मोरीतून वर येईल.

एचडीपीईचे सांधे हा वेगळा धडा. पाइपांची टोकं वितळवून जोडायच्या तव्याचं तापमान साधारण २२० अंश. भिंत जितके मिमी, त्याच्या दसपट सेकंद तापवायचं, म्हणजे १३.४ मिमीला सव्वादोन मिनिटं. नंतर दाब तसाच ठेवून पूर्ण थंड होऊ द्या. पाणी ओतून थंड केलेला सांधा ओढताना सुटतो. वाऱ्या-धुळीत ताडपत्रीचा आडोसा करा, पाइपाचं दुसरं टोक बंद ठेवा.

आणि उन्हाचं गणित विसरू नका. एचडीपीई दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.१८ मिमी आखडतो. मे महिन्यात रस्त्यावर तापलेला पाइप जमिनीत गेल्यावर ३० अंशांनी थंड झाला तर १०० मीटरला अर्ध्या मीटरहून अधिक आखडेल. ओढताना आलेला ताणही सुटतो. दोन्ही टोकांना मीटरभर जास्त ठेवा आणि चेंबरमध्ये जोडणी २४ तासांनंतरच करा. त्याच दिवशी जोडली तर रात्रीत पाइप चेंबरच्या भिंतीतून आत सरकलेला दिसेल.

चालू चेंबरला जोडताना

वरच्या चेंबरला फुगा लावून पाणी पंपाने बायपास करा. सफाईसाठी माणूस आत उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. गाळ मशीनने काढा. जोडकामासाठी उतरणं अटळ असेल, तर लाइन बंद, ब्लोअर चालू, आणि वायू मोजायच्या मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, ज्वालाग्राही वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या खाली. हार्नेस, ट्रायपॉड, वर दोन माणसं. हेच नियम पुशिंगच्या पाइपात, आणि आत दिवे २४ व्होल्टचे.

तपासणी आणि भराव

वरच्या चेंबरमधून टॉर्च, खालच्यात आरसा. पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर लाइन वाकलेली आहे. मग थोडं पाणी सोडा, ते वाहून जाऊ द्या आणि लगेच कॅमेरा घाला. जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे पोट आहे. हे बिल देण्यापूर्वी करा, आणि चित्रण दोन्ही चेंबरच्या इन्व्हर्ट लेव्हलसह (पाइपाच्या आतल्या तळाच्या उंचीसह) जपून ठेवा.

पिट भरताना निघालेली काळी माती परत टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हात बसते, आणि रस्त्यावर आधी उंचवटा आणि मग खड्डा करते. मुरूम आणा, २०० मिमीच्या थरांत पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबा, आणि डांबर एक पाऊस झाल्यावर घाला.